‘इन्सुलेशन टेस्ट’ला मराठीत एकच शब्द पुरेल का?

अनुवादिनी

मंडळी, मदत हवी आहे. मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि केबल तपासणाऱ्या तंत्रज्ञांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. ‘इन्सुलेशन’ला सुरुवातीला ‘विद्युतरोधन’ लिहिलं आणि पुढे गेले. मग ‘इन्सुलेशन रेझिस्टन्स’ आलं आणि हातात ‘विद्युतरोधनाचा विद्युतरोध’ पडला! रेझिस्टरही रोधक, इन्सुलेटरही रोधक. पुढे आणखी गंमत. ‘ब्रेकडाउन टेस्ट’ला मी ‘बिघाड चाचणी’ लिहिलं होतं. कच्चा मजकूर वाचून एका तंत्रज्ञाने विचारलं, “मॅडम, ही बिघाड झाल्यावर करायची का?” सगळीकडे सरसकट ‘इन्सुलेशन चाचणी’ लिहून मोकळी होऊ का?

शब्दवेडा

रोध आणि रोधन यांचा घोळ जुना आहे. म्हणूनच काहींनी ‘निरोधन’ आणि ‘निरोधक’ वापरले. अर्थाने ठीक आहेत, पण वर्गात हे शब्द उच्चारले की मागच्या बाकांवर खसखस पिकते. कारण सांगायला नको. ‘विसंवाहक’ नेमका आहे, पण बोलण्यात कधी रुळलाच नाही. शाळेतला ‘दुर्वाहक’ सगळ्यांना कळतो, मात्र तो पदार्थाचा गुण सांगतो. तारेवर चढवलेलं आवरण, वाइंडिंगमधला कागद, वार्निश, तेल हे सगळं मिळून जी व्यवस्था होते, तिला दुर्वाहक म्हणता येत नाही.

मूळ शब्द बघा. लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेट. वाहकाला चारी बाजूंनी तोडून बेटासारखं ठेवायचं, ते इन्सुलेशन. ‘आयसोलेशन’ही त्याच मुळातून, फक्त इटालियन-फ्रेंचच्या वाटेने आलेलं. म्हणजे इन्सुलेटर आणि आयसोलेटर हे सख्खे भाऊ, पण उपकेंद्रात त्यांची कामं अगदी वेगळी. इन्सुलेटर म्हणजे तार पेलणारा चिनी मातीचा किंवा पॉलिमरचा खांब. आयसोलेटर म्हणजे लोड नसताना उघडायचा स्विच. दोघांनाही ‘विलगक’ लिहिलेलं मी पाहिलंय. असं काही करू नका.

मेगरवाला

ताई, साइटवर रोधनही नाही आणि निरोधनही नाही. ‘मेगर घेतला का?’, ‘मेगर किती आला?’, ‘मेगर बसला’ एवढ्यावर काम चालतं. मेगर म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र. नाव खरं तर कंपनीचं व्यापारचिन्ह, १९०३ मध्ये नोंदवलेलं. मेगओहम (दहा लाख ओहम) मोजतो म्हणून मेगर. आता यंत्र कोणाचंही असो, नाव तेच.

पण तुमची अडचण शब्दाची नाही, असं मला वाटतं. तीन वेगळी कामं तुम्ही एका नावाखाली कोंबताय. आम्ही इन्सुलेशनला तीन वेगळे प्रश्न विचारतो. किती झिरपतंय? तगेल का? कितीला फुटेल? मराठीत तीन क्रियापदं हाताशी असताना एकाच नामामागे का लागायचं?

पहिला प्रश्न मेगरचा. ५००, १०००, २५०० किंवा ५००० व्होल्ट डीसी लावायचे आणि किती करंट झिरपतो त्यावरून मेगओहम वाचायचे. यात काही फुटत नाही, फुटूही नये. एका आकड्यावर मात्र जाऊ नका. तापमान १० अंशांनी वाढलं की हाच आकडा ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणून १० मिनिटांच्या वाचनाला १ मिनिटाच्या वाचनाने भागतात, तो पोलरायझेशन इंडेक्स. वाइंडिंग कोरडं असेल तर काटा हळूहळू चढत राहतो. ओल धरली असेल तर जिथे आहे तिथेच बसून राहतो.

अनुवादिनी

‘ध्रुवण निर्देशांक’ लिहिलंय मी त्याला. चालेल?

मेगरवाला

चालेल, पण पुढे ‘पीआय’ टाका. रिपोर्टवर तेच छापलेलं असतं. दुसरा प्रश्न हायपॉटचा. नवशिके ‘पॉट’ म्हणजे भांडं समजतात. ते हाय पोटेन्शियल आहे. १२ केव्ही (किलोव्होल्ट) वर्गाच्या स्विचगिअरला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांना, एक मिनिट २८ केव्ही एसी द्यायचे आणि बघत राहायचं. टिकलं तर पास, नाही तर नापास. इन्सुलेशन किती चांगलं आहे हे ही टेस्ट सांगत नाही, पास किंवा नापास एवढंच सांगते.

तिसरा प्रश्न मुद्दाम फोडायचा. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं उदाहरण घ्या. दोन इलेक्ट्रोडमध्ये अडीच मिलिमीटर फट, सेकंदाला २ केव्हीने व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठिणगी पडली की आकडा लिहायचा. असं सहा वेळा करून सरासरी काढायची. तेलात थोडं पाणी किंवा धागे असले तरी आकडा धाडकन खाली येतो.

शब्दवेडा

वा! मग हायपॉटला ‘विदस्टँड टेस्ट’ही म्हणतात, तिला ‘सहनशीलता चाचणी’ नको. सहनशीलता माणसाची असते, आणि ती किती आहे हे मोजायचा भाव त्यात येतो. ‘तग चाचणी’ म्हणा. तग धरला किंवा नाही, मधलं काही नाही.

ब्रेकडाउनला ‘भंजन’ की ‘भेदन’? मी ‘भेदन’च्या बाजूने आहे. भंजन म्हणजे वस्तूचे तुकडे होणं. इथे वीज आरपार जाते.

जुनी वही

माझं मत थोडं वेगळं. तग चाचणीला ‘कसोटी’ का नको? कसोटी म्हणजे मुळात सोनाराचा कस लावायचा दगड. त्यावर सोनं घासलं की कस कळतो, पण प्रत्येक वेळी सोनं कणभर झिजतंही. हायपॉटचं तेच आहे. चांगलं इन्सुलेशनही वारंवार या परीक्षेला बसवलं तर थकतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरची चाचणी पुन्हा घ्यायची झाली तर साधारण ८० टक्के व्होल्टेजवर घेतात. ‘चाचणी’ या शब्दात ती झीज दिसत नाही.

मेगरवाला

झीज केबलवाल्यांना विचारा. एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिनच्या इन्सुलेशनची) केबल जुनी झाली की डीसी हायपॉट तिला बाधतो. आत चार्ज साचून राहतो आणि पुन्हा लाइन चालू केल्यावर केबल फुटते. आता त्याऐवजी ०.१ हर्ट्झचा व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा एसी, लावतात. पण ‘कसोटी’ वाचून आमची पोरं क्रिकेट समजतील. ‘तग’ बरा.

अनुवादिनी

‘तग चाचणी’ आणि ‘भेदन चाचणी’ घेते. पहिलीला ‘इन्सुलेशन रोध (मेगर)’. इन्सुलेशनचं भाषांतर करायचं नाही असं ठरवलं. ‘रोध’ मात्र फक्त रेझिस्टन्ससाठी राखून ठेवते.

आता ‘पार्शल डिस्चार्ज’. मी ‘आंशिक विसर्जन’ लिहिलंय.

शब्दवेडा

परिभाषेत विसर्जनच चालत आलंय. फक्त एक सांभाळा. पार्शल डिस्चार्जमधला डिस्चार्ज हा दोष आहे: इन्सुलेशनमधल्या सूक्ष्म पोकळीत वीज चुरचुरत राहते, मापही पिकोकूलॉम या चार्जच्या अगदी सूक्ष्म एककात घेतात, आणि ती आतून पोखरते. चाचणी संपल्यावर केबल ‘डिस्चार्ज करा’ म्हणतात तो मात्र सुरक्षेचा उपाय. दोन्हीकडे ‘विसर्जन’ लिहिलंत तर वाचणारा गोंधळेल.

मेगरवाला

तिथे ‘अर्थ करा’ (जमिनीला जोडा) लिहा. आणि तो परिच्छेद जाड अक्षरात. सप्लाय बंद झाला म्हणजे केबल मेली असं समजणाऱ्याला झटका बसतो. केबल अर्थ करणारा डिस्चार्ज रॉड लगेच काढला तर इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज परत वर येतो. टेस्ट जितका वेळ चालली, त्याच्या निदान चौपट वेळ अर्थ ठेवायचा.

अनुवादिनी

वाक्य असं केलंय: ‘चाचणी थांबवल्यानंतरही केबलमध्ये भार शिल्लक असतो.’

मेगरवाला

भार म्हणजे लोड, ताई. टेस्टच्या वेळी केबलवर लोड असतोच कुठे?

जुनी वही

पारिभाषिक शब्द ‘प्रभार’ आहे. ‘विद्युतप्रभार’ लिहिलंत तर चूक काढता येणार नाही.

मेगरवाला

चूक काढता येणार नाही, पण वाचणार कोण? ‘चार्ज’ लिहा.

अनुवादिनी

‘चार्ज’ लिहिलं. जाड अक्षरात. आता फ्लॅशओव्हर राहिलाय. हवेतून इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून उडी मारतो तो, आरपार जातो तो नव्हे. ‘भेदन’ तिथे लागू होत नाही, हो ना?