इस्सिगोनिसची खरी कौटुंबिक गाडी कोणती? माझं मत मॉरिस मायनरला

घाटरस्ता
ब्रिटिश गाड्यांचा आराखडाकार अलेक इस्सिगोनिस याचं नाव निघालं की लोक थेट मिनी या छोट्या गाडीवर येतात. मला हे मुळीच पटत नाही. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९४८ सालची मॉरिस मायनर.

काळ बघा. युद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडची तिजोरी रिकामी, कारखान्यांना पोलाद मिळायचं ते निर्यातीच्या बोलीवर. अशा दिवसांत ऑक्सफर्डजवळच्या काउलीत ही गाडी तयार झाली. वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार पेलणारी. दातेरी पट्टीचं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पिळ घेणाऱ्या सळया, म्हणजे टॉर्शन बार. स्वस्त गाडी वळणावर झोकांड्या खाणारच, ही समजूत मायनरने मोडली.

आणि ते चार इंच! उत्पादन तोंडावर आलेलं असताना इस्सिगोनिसला गाडी अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धी नजरेला पटेपर्यंत एकमेकांपासून सरकवली. फट भरली चार इंच. बॉनेटच्या मधून जाणारी रुंद पट्टी म्हणजे तीच फट. बंपर आधीच बनून पडले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरांना मधे जोड दिलेला दिसतो. नजरेवर एवढा विश्वास असलेला माणूस मला फार मोठा वाटतो.

काउंटरशाफ्ट
गोष्ट सुंदर आहे, निष्कर्ष चुकलाय. मायनरसाठी नवं फ्लॅट-फोर (दोन-दोन सिलिंडर समोरासमोर असलेलं) इंजिन ठरलं होतं, ते बारगळलं. बसवलं काय, तर युद्धाआधीच्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन. नवी बॉडी आणि जुनं काळीज.

मिनी (१९५९) बघा. इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली, एकाच तेलात. चाकं दहा इंची, लांबी जेमतेम दहा फूट, तरी आत चार माणसं. आज रस्त्यावरची बहुतेक कोणतीही छोटी गाडी उघडा, इंजिन आडवंच सापडेल. जगाने वाट कुणाची धरली ते उघड आहे.

घाटरस्ता
अर्धीच धरली. गिअरबॉक्स इंजिनाखाली नव्हे, शेजारी ठेवायची आजची मांडणी इटलीच्या दान्ते जियाकोसाची, १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलातली. शिवाय मिनीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग, समोरच्या जाळीच्या मागेच, पाऊस थेट त्यावर. घरच्यांना घेऊन निघालेल्या माणसाला अशी गाडी कशी चालेल?

जुनी_किल्ली
तुम्ही दोघंही इस्सिगोनिसभोवती फिरताय. मायनरचा खरा प्रश्न तिच्या मालकांचा आहे. मॉरिस कंपनीचा मालक लॉर्ड नफील्ड, त्याला ती आवडलीच नाही, 'पोच्ड एग' (फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं) म्हणाला तो तिला. पाठीशी उभे राहिले ते कंपनीचे वरिष्ठ अधिकारी माइल्स थॉमस, आणि तेही १९४७ मध्ये कंपनी सोडून गेले.

पुढे काय झालं? १९५२ मध्ये ऑस्टिनचं ८०३ सीसीचं इंजिन, १९५६ मध्ये ९४८ सीसी आणि समोरची अखंड काच, १९६२ मध्ये १०९८ सीसी. बाकी गाडी मूळचीच राहिली, ती थेट १९७१ पर्यंत. दहा लाखांचा टप्पा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी, डिसेंबर १९६० मध्ये. त्या निमित्ताने ३५० गाड्या फिक्या जांभळ्या रंगात काढल्या. पण एकूण बेरीज सोळा लाखांच्या आसपास. त्याच काळातली फोक्सवॅगनची बीटल दोन कोटींच्या पुढे गेली. इतकी चांगली गाडी हाताशी असून ती जगभर नेटाने विकली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मिरजकर
किल्ली, आकडे मान्य, पण कौटुंबिक गाडी विक्रीवरून ठरवायची का? आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने हीच मायनर 'बेबी हिंदुस्थान' नावाने काढली होती. आजोबांकडे होती. दोन दारांच्या मधल्या खांबातून वळण्याच्या बाजूचा छोटा हात टक्कन बाहेर यायचा, आत पिवळा दिवा. आजोबा स्टिअरिंगला हात लावायच्या आधी आम्ही मुलं ओरडायचो, "हात काढा, हात काढा!" तिच्या बॉनेटवरच्या पट्टीवरून मी कितीदा बोट फिरवलंय, ती कशामुळे आहे हे आज कळलं. माझं मत मायनरला.

काउंटरशाफ्ट
आठवणीशी वाद नाही, मिरजकर. पण मायनरवाल्यांनी ट्रॅव्हलरचाही विचार करावा. १९५३ ची ती स्टेशन वॅगन, मागची लाकडी चौकट अ‍ॅश लाकडाची. ती शोभेची नाही, मागचा भाग तिच्यावर उभा आहे. लाकूड कुजलं की गाडीच कमजोर. पत्र्याचं युग आलेलं असताना सुतारकाम कशाला?

घाटरस्ता
कारण सुतार कुठेही सापडतो. कुजलेला तुकडा काढायचा, नवा घडवून बसवायचा, वॉर्निश मारायचं. इंग्लंडमध्ये आजही ट्रॅव्हलरच्या नव्या चौकटी बनतात आणि लोक त्या बसवून रोज कामावर जातात. किल्लीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. बीटलची बाजू जशी मांडली गेली तशी मायनरची मांडणारं कुणी नफील्डच्या खुर्चीत असतं, तर आज हा वाद घालावाच लागला नसता.