मांजरा खोऱ्यात ऊस आवरायचा का?

मांजराकाठ: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लातुरातच होते. लातूरला पाणी देणारं मांजरा नदीवरचं धरण कोरडं ठाक, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी. आणि त्याच खोऱ्यात ऊस उभा होता. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांहून कमी, पण सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी तो घेतो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच नोंदवलंय. कारखान्यांनी जिल्ह्यात पैसा आणला, हे मान्य. पण प्यायला पाणी उरत नसेल तर ती भरभराट कसली? इथं नवा कारखाना नको, आणि ऊस फक्त ठिबकवरच.

औशाचा शेतकरी: ताई, २०१७ ला तूर अमाप पिकली. हमीभाव बोनससकट ५०५० रुपये, पण खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे पोती, नाही म्हणून आठवडाभर गाडी उभी. शेवटी व्यापाऱ्याला पडत्या भावात घातली. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, तोडायला टोळी येते, बँक पीककर्ज देते. पोरीचं कॉलेज उसावरच झालं. तुरीला, हरभऱ्याला अशी खात्री द्या, मग आम्हाला ऊस लावा म्हटलं तरी आम्ही दहादा विचार करू.

नगरकर: नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात ऊस, केळी घेत नाहीत, शेतीला बोअर नाही. दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. तरी गाव सुधारलं, दूधधंदा वाढला.

औशाचा शेतकरी: ते एक गाव, एक ग्रामसभा. इथं खोरंच तीन-चार जिल्ह्यांत पसरलंय, कोण कोणाचं ऐकणार? आणि ठिबकचं खरं सांगू? माझ्याकडे आहे. वाचलेलं पाणी धरणात नाही राहिलं, त्यावर मी आणखी दीड एकर ऊस लावला.

मांजराकाठ: दादा, हे मोकळेपणानं सांगितलंत, माझी ठिबकची अट त्यानं पार मोडली. मग पाण्याचा कोटाच ठरवावा लागेल, एकराला नव्हे, घराला. इथेनॉलचंही बघा. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढलं. स्वच्छ इंधन म्हणून त्याचं कौतुक होतं, पण त्यातला उसाचा वाटा आमच्या धरणातून जातो.

औशाचा शेतकरी: घरटी कोटा मला चालेल. पण शेजाऱ्याच्या पाचशे फूट बोअरला मीटर कोण बसवणार, ते आधी सांगा. आणि तूर खरेदीची तारीख पेरणीआधी जाहीर करा.