फोर-ट्रॅक विकायचाय, पण आधी कॅसेटी

(सोसायटीच्या ग्रुपवर)

सी-४०२ वहिनी : नमस्कार. मामंजींची खोली आवरतोय. त्यात फॉस्टेक्स कंपनीचा एक्स-१५ हा कॅसेट रेकॉर्डर निघाला. आमच्या दिरांनी १९८६ ला दुबईहून आणलेला. भंगारवाला ५०० म्हणाला, जिवावर आलं. कुणाला कल्पना असेल तर बरोबर किंमत सांगा. सोबत ११ कॅसेटी आहेत. त्या खराब झाल्यात, हव्या त्यांनी न्या.

ए-१०३ काका : वहिनी, एकही कॅसेट कुणाला देऊ नका! काय हाय त्यात?

सी-४०२ वहिनी : मंगळवार पेठेतल्या घरी मामंजी भजनं भरायचे, तेच असावं. पण आमच्या टेपवर लावलं तर नुसती पेटी आणि टाळ. गाणं नाहीच. बाजू पालटली की कुणीतरी उलटंसुलटं बोलतंय असं वाटतं. म्हणून म्हटलं, खराब.



ए-१०३ काका : खराब न्हाईत वहिनी. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक असतात, दोन ए बाजूचे, दोन बी बाजूचे. म्हणून आपण ती पालटून लावतो. हे मशीन चारही पट्टे एकाच दिशेनं भरतं. तुमच्या टेपनं पहिले दोन वाचले, पेटी आणि टाळ. गाणं तिसऱ्या-चौथ्यावर असणार, बी बाजूनं लावलं की ते शेवटाकडनं वाजतं. तुम्ही जे उलटं ऐकलासा, तो मामंजींचाच आवाज.

मी ऑर्केस्ट्राला साउंड लावत होतो तेव्हा असं वेगवेगळं भरायचं तर मोठ्या रिळांचं मशीन लागायचं, ते स्टुडिओतच असायचं. १९७९ ला टीॲक कंपनीनं टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ काढला आणि पहिल्यांदा चार ट्रॅक कॅसेटवर आले. एक्स-१५ आला १९८३ ला, आणखी लहान, सेलवरबी चालणारा. त्यात एका वेळी दोनच ट्रॅक भरता येतात. म्हणजे मामंजींनी आधी पेटी आणि टाळ भरले, मग हेडफोनवर ते ऐकत वर गायले. घरात बसून. केवढी चिकाटी असंल माणसाची!

बी-३०१ : काका, बी बाजू लॅपटॉपवर घेऊन ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिव्हर्स केली तर?

ए-१०३ काका : होतंय की. मशीन नसतं तर तेच केलं असतं. पण यात डॉल्बी बी हाय, म्हणजे फितीची सरसर कमी करायची सोय, ते उलट्या दिशेनं नीट सुटत नाही. आणि दोनदा वेगळं काढलं की फितीचा वेग बारीकसा बदलतो, थोड्याच वेळात पेटी एकीकडं आणि गळा एकीकडं. मशीनवर चारही एका दमात वाजतात. म्हणून आधी चारही एकत्र काढून ठेवायचे, मग दोन-दोन वेगळे, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि त्या एकत्र काढलेल्यावरनं जुळवायचे. मशीन विकलं की हे जमायचं नाही.

सी-४०२ वहिनी : मग आत्ता लावून बघू का?

ए-१०३ काका : नको नको! आत रबराचा पट्टा असतो. इतक्या वर्षांत तो डांबरासारखा चिकट झालेला असतो, फीत गुंडाळली जात नाही आणि मशीन ती चघळून टाकतं. आधी सेलचा कप्पा उघडून गंज बघा. ॲडॉप्टर दुसरा कुठलाही लावू नका, मागं लिहिलेले व्होल्ट आणि प्लस-मायनस जुळलंच पाहिजे. आणि कॅसेटच्या पाठच्या कडेला प्लास्टिकचे दोन दात असतात, ते अकराही कॅसेटींचे मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. मी रविवारी येतो. पट्टा बदलू, फीत वाचणारं हेड अल्कोहोलनं पुसू, पहिल्यांदा कोरी कॅसेट लावू.

डी-१०२ : आणि किंमत?

ए-१०३ काका : बंद मशीन आणि चालू मशीन यात लई फरक पडतो. जाहिरातीत चारही ट्रॅक एकेक वाजताना व्हिडिओ टाका. कुठला फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, खरखरत असेल तर तेबी दाखवा. घेणाऱ्याला आधी कळलं की नंतर भांडण नाही.

(रविवार)

सी-४०२ वहिनी : सगळ्यांना सांगायचंय. पट्टा काकांनी बदलला. दुसरी कॅसेट लावली आणि तिसऱ्या ट्रॅकवर मामंजी. खोकला, मग "थांब, परत घेऊया", मग अभंग. चौथ्यावर त्यांच्यामागनं सासूबाई. त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं की त्याही गायच्या. ताट तसंच ठेवून ऐकत बसल्यात.

बी-३०१ : काकू, मशीनचा आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायचा ऑडिओ इंटरफेस आहे माझ्याकडं, संध्याकाळी घेऊन येतो.

सी-४०२ वहिनी : ये बाळा. काका, चौथ्याचा फेडर खरखरतोय, तो व्हिडिओत घेतलाय. ९ कॅसेटी राहिल्यात, त्या झाल्या की जाहिरात टाकते.