प्रति: मधुमेहीच्या पायाची जखम आणि ‘स्ट्राँग गोळी’

वर कुणी लिहिलंय की शुगरवाल्याच्या पायाला जखम झाली की लगेच स्ट्राँग अँटिबायोटिक सुरू करावं. थोडं थांबा. आमच्या मालवणच्या मामांना खडपात, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांत, कालवं काढताना तळव्याला धार लागली. शुगरमुळे पाय बधिर, कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी मामीला चादरीवर डाग दिसला. मग मेडिकलमधून तीन दिवस एक गोळी, गुण नाही म्हणून दुसरी. महिन्याने कल्चर (जखमेतला जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध चालतं ते बघणं) केलं तर औषधांच्या नावांपुढे ‘आर’ची रांग, म्हणजे ती चालणार नाहीत. ‘एस’, म्हणजे चालणारी, फक्त दोन, दोन्ही इंजेक्शनं.

लाली, सूज, गरमपणा, पू असं काही नसेल तर अँटिबायोटिक लागतच नाही. लागलंच तर शक्यतो पहिल्या डोसआधी कल्चर. तेही वरवरच्या पुवाचं नव्हे, जखम साफ करून तळाच्या मांसाचं. वर बसलेले जंतू बऱ्याचदा भलतेच असतात. आणि मेलेलं मांस तसंच ठेवलं, रक्तपुरवठाच नसला, तर औषध पोचणार कुठून?

आपल्याकडे आणखी एक: जखम खाऱ्या पाण्यात झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. व्हिब्रियो नावाचा समुद्री जंतू एक-दोन दिवसांत पाय काळा करू शकतो, त्याची औषधंही वेगळी.

मामांचा अंगठा गेला. खडपात आता बूट घालून जातात, पण जातात.