मदत हवी आहे : उपवासकाळात मुलांना कसं सामील करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही वसईचे कॅथलिक. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, नि उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या सुमारे चाळीस दिवसांतल्या) शुक्रवारी घरात मटण-चिकन शिजत नाही. मासे चालतात, पण पापलेट-सुरमई तर आमची मेजवानीच! मग त्यात त्याग कुठे उरला? मला हे मनापासून सलतं.

मुलं नऊ आणि बारा वर्षांची. मांसवर्ज्याचा नियम 14 पूर्ण झाल्यावर आणि उपवासाचा 18 ते 59 वयात लागू होतो, त्यामुळे सक्ती नाहीच. त्यांनी स्वखुशीने काही सोडावं आणि वाचलेले पैसे गरजूंना द्यावेत, एवढीच इच्छा.

शुक्रवारी विरार लोकलने घरी पोहोचेपर्यंत चर्चमधली क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या नि मृत्यूच्या चौदा प्रसंगांवर, म्हणजे ‘स्थानांवर’, केली जाणारी प्रार्थना) संपलेली असते. तुम्ही ती घरी करता का? चौदाही स्थानं घेता की थोडी? मुलं कंटाळू नयेत म्हणून काय करता?