एकच मुलगी, घणसोलीत फ्लॅट: वसियतनामा कसा करावा?

घणसोली_से९: सलाम. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर, सिडकोच्या जमिनीवर. किंमत साधारण 1 कोटी 30 लाख, गृहकर्ज 32 लाख बाकी, मेहेरचे (निकाहात बायकोला कबूल केलेली रक्कम) 2 लाख द्यायचे राहिलेत. बायको, नऊ वर्षांची मुलगी, आई आणि एक भाऊ. वडील हयात नाहीत. आम्ही सुन्नी मुसलमान, फिका (धर्मशास्त्राची शाखा) हनफी. सगळं बायको-मुलीला जावं असं मृत्युपत्र करायचंय. ऑनलाइन मिळणारा तयार नमुना चालेल का? वकील कसा निवडावा?

हिशेबनीस: नमुना बाजूला ठेवा. वारसाच्या नावे वसियत सुन्नी कायद्यात तेव्हाच टिकते, जेव्हा बाकीचे वारस तुमच्या पश्चात संमती देतात. आज भावाची सही घेऊन ठेवलीत तरी तिचा उपयोग नाही. वारस नसलेल्याला, म्हणजे दत्तक मूल, संस्था किंवा मुलगा हयात असताना आधी गेलेल्या दुसऱ्या मुलाची मुलं यांना, एक तृतीयांशापर्यंत देता येतं.

तुमचा हिशेब असा. आधी कफन-दफन, मग कर्ज, आणि मेहेर हेही कर्जच. 130 मधून 34 गेले, उरले 96 लाख. बायको 1/8 म्हणजे 12, मुलगी 1/2 म्हणजे 48, आई 1/6 म्हणजे 16. उरलेले 20 लाख भावाचे. मेहेर बाकी असल्याचं लेखी नसेल तर ते 2 लाख बहुतेक वेळा विसरलेच जातात, म्हणून वसियतनाम्यात रक्कम लिहाच.

नेरूळची_सीए: पण सोसायटीत बायको नॉमिनी असेल तर फ्लॅट तिचाच ना?

हिशेबनीस: नाही. नॉमिनी सांभाळणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. भावाने हक्क सांगितला तर सोसायटी वारसदाखला मागणार.

कौसा_कागदपत्र: बायकोला पूर्ण फ्लॅट द्यायचा तर मार्ग हिबा, म्हणजे हयातीतच दिलेलं दान, तोही तब्येत ठणठणीत असताना. मरणाच्या आजारात केलेल्या हिब्याला वसियतीचेच निर्बंध लागतात. घोषणा, स्वीकार आणि ताबा, तिन्ही हवं. "मी गेल्यावर तुझा" असं लिहिलंत की तो हिबा राहिलाच नाही.

गडबड ताब्यावर होते. नवरा-बायको एकाच घरात राहत असतील तर घर सोडावं लागत नाही, पण ताबा दिल्याचं दस्तात नोंदवा, मूळ कागद तिच्या हाती द्या, मग शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कर आणि वीजबिल तिच्या नावे करून घ्या. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे कराच, कारण तोंडी हिब्यावर ना सोसायटी नाव लावते ना बँक. निवासी घर पत्नीला दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार वेगळा. कर्ज असेपर्यंत बँकेचं ना-हरकत पत्र, भाडेपट्ट्याची जमीन म्हणून सिडकोची परवानगी, हे दस्ताच्या आधी. आणि ताबा दिल्यावर पत्नीला दिलेला हिबा परत घेता येत नाही, हे समजून सही करा.

नेरूळची_सीए: टर्म विमा असेल तर तो विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, 1874 च्या कलम 6 खाली घ्या. पैसा बायको-मुलीच्या ट्रस्टचा होतो, वारसाहक्काच्या हिशेबात येत नाही. प्रस्ताव भरतानाच टिक करावं लागतं, चालू पॉलिसीला मागाहून सहसा जमत नाही.

हिशेबनीस: एक गोष्ट कुणीच सांगत नाही. मुलगी अल्पवयीन आहे. वडील गेल्यावर तिच्या मालमत्तेची आपोआप पालक आई होत नाही. वडिलांनी नेमलेला वसी (मृत्युपत्रातून नेमलेला कारभारी), मग आजोबा (वडिलांचे वडील), हा क्रम आहे. म्हणून वसियतनाम्यात बायकोला वसी नेमा. या एका ओळीसाठी तरी वसियतनामा कराच, नाहीतर 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली अर्ज करून कोर्टात खेटे.

तळोजा_कोकणी: आपल्यापैकी कोकणी मुसलमान बरेचसे शाफई, हा सुन्नींचाच दुसरा फिका. त्यांच्यात बाकी जकात आणि फर्ज (बंधनकारक) हज हे कर्ज धरून आधी वळते करतात, हनफींमध्ये वसियत केली असेल तर एक तृतीयांशातून. शिया असाल तर वरचा हिशेबच बदलतो, मुलगी असताना भावाला काही मिळत नाही.

घणसोली_से९: विशेष विवाह कायद्याने पुन्हा नोंदणी करतात म्हणे?

कौसा_कागदपत्र: होते. कलम 15 खाली, 30 दिवसांची नोटीस. घणसोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. (खारघर-पनवेल रायगडात.) केरळातले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी मुलींसाठी 2023 मध्ये हेच केलं. मग वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने: बायको 1/3, मुलगी 2/3, आणि आईला शून्य! तिच्यासाठी मृत्युपत्र करावं लागेल, दोन साक्षीदारांसह, आणि त्या साक्षीदारांना त्यातून काही मिळता कामा नये. अनेक मौलानांना हा मार्ग मान्य नाही, ते घरात आधी बोलून घ्या.

वकिलाबद्दल: "बायकोच्या नावे वसियत टिकेल का?" एवढंच विचारा. "हवं ते लिहा, रजिस्टर करू" असं उत्तर आलं तर फी देऊ नका. फिका आणि वारसांची यादी जो आधी विचारतो, त्याच्याकडे बसा.