रात्री वेव्हमेकर बंद ठेवावेत काय?

खारेपाणी (ठाणे)
"रात्री समुद्र शांत होतो, म्हणून दिव्यांबरोबर वेव्हमेकरही बंद करावेत, माशांना झोप मिळते," असा सल्ला काल येथे खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्या नवख्यांना देण्यात आला. वेव्हमेकर म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप. तो वाचून गप्प बसवत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी साधारण सहा तासांनी पालटते आणि ती दिवस-रात्र पाहत नाही. दिवे मालवले की शैवाल ऑक्सिजन देणे थांबवते. मासे, लाइव्ह रॉकमधले (जिवाणू वसलेल्या टाकीतल्या खडकातले) जिवाणू आणि ते शैवालही श्वसन मात्र करीतच राहतात. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात सव्वाआठ. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर पाण्याचा पृष्ठभाग रात्रभर निश्चल ठेवणे म्हणजे माशांचा जीव टांगणीला लावणे होय.

कपारीतला रास (पुणे)
तो सल्ला माझाच होता आणि मी तो मागे घेत नाही. माझ्याकडचा सिक्सलाइन रास हा मासा संध्याकाळी खडकाच्या एका ठरलेल्या कपारीत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट स्रावाचे पारदर्शक कवच करतो. पॉवरहेड (प्रवाहाचा पंप, म्हणजे वेव्हमेकरच) रात्री चालू असे तेव्हा ते कवच फाटून ओव्हरफ्लोच्या (पाणी टाकीबाहेर पडण्याच्या वाटेच्या) जाळीला चिकटलेले सापडे आणि मासा दिवसभर बिथरलेला असे. रिटर्न पंप (खालच्या जोडटाकीतून पाणी परत वर आणणारा) आणि स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी घाण काढणारे यंत्र) माझ्याकडे चालूच असतात, तेव्हा "निश्चल पृष्ठभाग" हा आरोप बिनबुडाचा आहे.

खारेपाणी (ठाणे)
मग सल्ल्यात पंप आणि स्किमरचा उल्लेख का नव्हता? नवख्याच्या लहान टाकीला सम्प (खालची जोडटाकी) नसतो. त्याने वेव्हमेकर बंद केला की सगळेच बंद होते.

अटलांटिककाठ (न्यू जर्सी)
दगडी प्रवाळ भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तिकडे प्रवाळाची बाजू कमी बोलली जाते. प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक स्थिर थर असतो आणि अंधारात त्यातला ऑक्सिजन झपाट्याने संपतो. तो थर पातळ ठेवतो तो प्रवाहच. तांबड्या समुद्रात प्रवाळाच्या फांद्यांत झोपणारे डॅमसेल मासे रात्रभर पर हलवत राहतात आणि त्या हालचालीने प्रवाळाला ऑक्सिजन मिळतो, असे संशोधकांनी नोंदवले आहे. मात्र झोत फार जोराचा असेल तर रात्री उघडलेल्या पॉलिपांना (प्रवाळाच्या इवल्या जीवांना) प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पकडता येत नाही, हेही खरे.

उघडी खिडकी (दादर)
सगळे प्रवाहावर भांडत आहेत, खोलीकडे कोणाचेच लक्ष नाही. एसीसाठी बंद केलेल्या खोलीत माणसे झोपली की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि पृष्ठभाग जितका खळबळेल तितक्या लवकर पाणी त्याच हवेशी जुळवून घेते आणि त्याचा पीएच (आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा) घसरतो. माझ्या टाकीचा पीएच संध्याकाळी ८.२ आणि पहाटे ७.८ असे. दुकानदाराने त्यावर बफरची (पीएच टिकवण्याची) पूड खपवली, तिने क्षारीयता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता) वाढत गेली आणि पीएच पुन्हा तिथेच आला. शेवटी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली, सम्पमधल्या, उजेडात कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या चीटो शैवालावर रात्री दिवा लावला, तेव्हा फरक पडला.

कपारीतला रास (पुणे)
डेंग्यूच्या दिवसांत खिडकी उघडी ठेवून झोपायचे काय?

उघडी खिडकी (दादर)
खिडकी उघडा असे मी म्हटलेलेच नाही. नळी जाण्यापुरते भोक पुरते. त्यालाही जाळी बसते. वाचून तरी उत्तर द्यावे.

खारेपाणी (ठाणे)
पीएच आणि ऑक्सिजन यांची गल्लत होते आहे. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तरी ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळपासच राहतो. म्हणून पीएच घसरला तरी पृष्ठभागाची खळबळ थांबवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. राहिला रास माशाच्या कपारीचा मुद्दा, तो मान्य करणे भाग आहे. तरी त्यासाठी झोताची दिशा वर पृष्ठभागाकडे वळवावी आणि वेग निम्मा करावा; बंद करू नये.

कपारीतला रास (पुणे)
वेग निम्मा करण्याची सोय असलेला वेव्हमेकर ज्यांना परवडतो, त्यांच्यासाठी हे ठीक आहे. ज्यांच्याकडे सम्प नाही त्यांनी बंद करू नये, एवढी दुरुस्ती मी मूळ सल्ल्यात करतो. माझा मात्र रात्री बंदच राहील.